ल्यूथरबाईंच्या नावावर काय होतं?

दरवर्षी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, धर्मसुधारणेचा दिवस पाळतात. ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी मार्टिन ल्यूथर या मठवासी धर्मगुरूंनी जर्मनीतल्या विटेनबर्ग गावातून, पापक्षमेच्या चिठ्ठ्या विकण्याविरुद्ध ९५ मुद्दे जाहीर केले, त्याची ही आठवण. उपदेश ल्यूथरांवर होतो, गीतही त्यांचंच गातात. गेल्या वर्षी महिला मंडळात बोलायची पाळी माझ्यावर आली, तेव्हा मी म्हटलं, या खेपेला त्यांच्या बायकोबद्दल बोलू.

खानापूरकडच्या एक मावशी पहिल्याच बाकावर बसल्या होत्या. भाताच्या कापणीतून वेळ काढून आल्या होत्या. मठातून पळून जाणं, लग्न, मुलंबाळं, सगळं त्यांनी न बोलता ऐकलं. ल्यूथर वारले इथवर मी आले आणि त्यांनी मला थांबवलं. "ते सगळं बरोबर हाय बाई. पण उताऱ्यावर नाव कुणाचं लागलं?"

काथारीना फॉन बोरा हिच्याविषयी मी जे वाचलं होतं त्यात तिच्या निष्ठेचं, भक्तीचं, कष्टांचं कौतुक पुष्कळ होतं. मावशींनी विचारलं ते मात्र मी कुणाला विचारलं नव्हतं, आणि मी स्वतः पाळकाची, म्हणजे पास्टरची, मुलगी आहे. त्या दिवशी अर्धवट दिलेलं उत्तर इथे सविस्तर लिहिते.

एक खुलासा आधीच करते. ल्यूथरांना मी 'ते' म्हणणार आहे आणि काथारीनाला 'ती'. मान कमी म्हणून नव्हे. आपण वडिलांना 'ते' म्हणतो आणि आईला 'ती', तसं.

देवाला दिलेली मुलगी

काथारीनाचा जन्म २९ जानेवारी १४९९ चा. घराणं सरदारांचं, पण नावापुरतं; जमीन थोडी आणि हातात पैसा त्याहून थोडा. आई लवकर गेली, वडिलांनी दुसरं लग्न केलं, आणि पाच-सहा वर्षांच्या पोरीला ब्रेना इथल्या मठात शिकायला ठेवलं. पुढे नऊ-दहा वर्षांची असताना निम्बशेन गावच्या सिस्टर्शियन पंथाच्या मठात नेलं. १५१५ मध्ये, सोळाव्या वर्षी, तिने आजन्म अविवाहित राहण्याची शपथ घेतली.

आपल्याकडे 'कॉन्व्हेंट' म्हटलं की इंग्रजी शाळा डोळ्यांसमोर येते. तो शब्द मुळात या मठांचा आहे. मुलींनी तिथे जायचं ते कायमचं. घरच्यांच्या बाजूने हिशोब साधा असे: मुलीच्या लग्नाला जेवढा हुंडा लागेल, त्यापेक्षा मठाला देणगी देऊन तिला तिथे ठेवणं स्वस्त पडे. शिवाय घरात कुणीतरी आपल्यासाठी प्रार्थना करणारं आहे, हे पुण्य वेगळं.

देवाच्या नावाने दिलेली मुलगी परत घरी येत नाही, ही गोष्ट बेळगाव जिल्ह्यातल्या माणसाला फोड करून सांगायला नको. सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्मा देवीला मुली सोडल्या जात, आणि ते थांबवायला कर्नाटकला १९८२ मध्ये कायदा करावा लागला. दोन्हींत फरक फार मोठा आहे, तो मी पुसणार नाही. निम्बशेनमध्ये काथारीनाला छप्पर मिळालं, अब्रू राहिली, अक्षर मिळालं, थोडं लॅटिन मिळालं, गाणं मिळालं. मोठ्या मठाची शेती, कोठार, दवाखाना कसा चालतो हे तिथे रोज दिसत होतं, आणि पुढे जन्मभर तिला त्याचा उपयोग झाला. तिची एक आत्याही त्याच मठात होती. पण पाचव्या वर्षी तिला कुणी विचारलं नव्हतं, एवढं मात्र दोन्हीकडे सारखं.

ल्यूथरांची पुस्तकं चोरून मठात पोचली. शपथ घेऊन माणूस तरत नाही, विश्वासाने तरतो, असं त्यांत होतं. ज्यांची सगळी जिंदगी त्या शपथेवर उभी होती, त्यांनी हे वाचल्यावर काय झालं असेल याचा विचार करा. बारा जणींनी ठरवलं की बाहेर पडायचं. ल्यूथरांना निरोप गेला. त्यांनी टॉर्गाऊ गावचा व्यापारी लिओनहार्ड कोप्पे याला गाठलं. मठाला माल पोचवणारा हा माणूस, त्यामुळे त्याची गाडी दारात उभी राहिली तर संशय येणार नव्हता. १५२३ च्या ईस्टरच्या आदल्या रात्री त्याच्या झाकलेल्या गाडीतून बारा जणी निघाल्या. खाऱ्या माशांच्या पिंपांत लपून गेल्या, अशी गोष्ट पुढे लोकांनी रंगवून सांगितली. खरी भीती वेगळीच होती. मठवासिनीला पळवून नेणाऱ्याला त्या काळी देहदंड होता.

तिघी आपापल्या माणसांकडे गेल्या. नऊ जणी विटेनबर्गला आल्या. हातात पैसा नाही, अंगावर मठाचे कपडे, आणि घरचे दार उघडतील याची खात्री नाही. ल्यूथरांनी वर्गणी मागून, ओळखीपाळखी काढून एकेकीचं लग्न लावलं किंवा कुठेतरी सोय केली. काथारीना दोन वर्षं राहिली, त्यातला बराच काळ चित्रकार लुकास क्रानाख यांच्या घरी. न्यूरेंबर्गच्या एका तरुणाशी जमत आलं होतं, पण त्याच्या घरच्यांना पळून आलेली सून नको होती. मग एका वयस्कर पाळकाचं स्थळ आलं. तिने सरळ नाही म्हटलं. ल्यूथरांचे मित्र आम्सडॉर्फ यांना तिने सांगितलं: तुम्ही किंवा डॉक्टर ल्यूथर विचारत असाल तर माझी तयारी आहे.

पळून आलेली, निराधार, सव्वीस वर्षांची, म्हणजे त्या काळच्या मानाने वय उलटून गेलेली मुलगी हे बोलते आहे. मला तिच्या सगळ्या चरित्रात हे वाक्य सर्वांत आवडतं.

लग्न, आणि त्याने काय बदललं

१३ जून १५२५ च्या संध्याकाळी लग्न झालं. ल्यूथर ४१ वर्षांचे होते, काथारीना २६ ची. त्यांचे जिवलग सहकारी मेलांख्टन यांना बोलावलंही नव्हतं; ते रुसले आणि एका मित्राला नाराजीचं पत्र लिहून मोकळे झाले. त्याच उन्हाळ्यात शेतकऱ्यांचं बंड चिरडलं जात होतं, गावोगाव माणसं मरत होती. अशा वेळी लग्न कसलं, हा त्यांचा आक्षेप समजण्यासारखा आहे.

इथे थोडं मागे जाऊन समजून घ्यावं लागतं. पाश्चात्त्य चर्चमध्ये धर्मगुरूंनी लग्न करू नये हा आग्रह फार जुना. ११३९ च्या दुसऱ्या लॅटरन परिषदेने अशी लग्नं केवळ निषिद्ध नव्हे तर मुळातच रद्दबातल ठरवली. म्हणून पुष्कळ पाद्री बाई घरात ठेवत आणि त्याबद्दल वरिष्ठांकडे दंड भरत. दंड भरला की प्रकरण मिटलं. त्या बाईला मात्र बायको हे नाव नाही, मुलांना बापाचं नाव नाही, तो मेला की घराचं दार बंद. काथारीनाच्या आधीही काही पाळकांची उघड लग्नं झाली होती, तिचं पहिलं नव्हे. पण साऱ्या युरोपाचे डोळे लागले होते ते या घराकडे. पाळकाची बायको उजळ माथ्याने कशी राहते, काय करते, याचा नमुना कुठेच नव्हता. तो तिलाच घडवावा लागला.

आणि तिने काय घडवलं? सोवळं, शांत, प्रार्थनेचं घर? छे. खानावळ, गोठा, मळा आणि दवाखाना, सगळं एकत्र.

सॅक्सनी प्रांताच्या राजाने त्यांना राहायला ल्यूथरांचाच जुना मठ दिला होता. त्याला काळा मठ म्हणत. चाळीसेक खोल्या, ओस पडलेल्या. लग्नाआधीचं एक वर्ष आपल्या अंथरुणातला पेंढासुद्धा कुणी बदलला नव्हता, घामाने तो कुजला होता, असं ल्यूथरांनीच नंतर सांगितलं आहे. लग्नानंतर त्यांचा पगार १०० गुल्डेनचा (गुल्डेन हे तिथलं नाणं) २०० झाला. त्यांची पुस्तकं हजारोंनी खपत होती, छापखानेवाले गबर झाले, पण ल्यूथरांनी लेखनाचा एक पैसा घेतला नाही. उलट दारात आलेल्याला घरातला चांदीचा पेला उचलून देण्याचा त्यांचा स्वभाव. लग्नात माइंझच्या आर्चबिशपने २० गुल्डेनचा आहेर पाठवला. हा तोच आर्चबिशप, ज्याच्या चिठ्ठ्यांच्या विक्रीविरुद्ध ल्यूथर उभे राहिले होते. ल्यूथर म्हणाले, परत करा. काथारीनाने ठेवून घेतला. मी तिच्या बाजूची आहे.

मग तिने खोल्या दुरुस्त करून विद्यार्थी ठेवले, पैसे घेऊन. बेळगावच्या टिळकवाडीत ज्यांनी कॉलेजच्या पोरांना खोल्या आणि डबा दिला आहे, त्या घरांना हे काम ठाऊक आहे. रोजच्या पंगतीला तीस-चाळीस पानं: विद्यार्थी, पाहुणे, आसऱ्याला आलेले पाळक, आई-बाप गेलेली भाचरं-पुतणे, आणि मठातली ती आत्या, जी पुढे याच घरी येऊन राहिली. मठाला बिअर गाळण्याचा जुना हक्क होता, तो तिने चालू केला. तिथे ते घरोघरचं रोजचं पेय होतं. गावाबाहेर बागा घेतल्या, तळं घेतलं, त्यात मासे सोडले आणि स्वतः काढले. गाई, डुकरं, शेळ्या, कोंबड्या पाळल्या. पहाटे चारला ती उठे, म्हणून ल्यूथर तिला विटेनबर्गची शुक्राची चांदणी म्हणत. पत्रांत तिला 'हेर' म्हणजे 'साहेब' अशीही हाक आहे.

रात्री जेवताना ल्यूथर बोलत आणि विद्यार्थी लिहून घेत. ती बोलणी १५६६ मध्ये छापली गेली आणि आजतागायत वाचली जातात. ती पंगत तिची होती. भाडं ठरवणारी ती, थकलेलं भाडं मागणारी ती, आणि कंजूष म्हणून नाव झालं तेही तिचंच.

ल्यूथर उपदेशात बायकांची जागा घरात, असंच सांगत. पण ते घर म्हणजे केवढा पसारा, हे त्यांना दिसत होतं. त्यांनी तिला वाचनालाही लावलं. १५३५ मध्ये एका मित्राला लिहिलेल्या पत्रात आहे की ईस्टरपूर्वी अख्खं बायबल वाचून काढलंस तर ५० गुल्डेन देईन असा शब्द त्यांनी तिला दिला होता, आणि ती झपाटून वाचत होती. लग्नानंतर वाढलेल्या वर्षाच्या पगाराचा चौथा हिस्सा झाला हा.

१५४० मध्ये तिने आपल्या भावाकडून झ्युल्सडॉर्फची शेती विकत घेतली, ६१० गुल्डेनला, बहुतेक रक्कम राजाच्या मदतीतून. माहेरच्या मालकीचा उरलेला तुकडा, पडीक, आणि विटेनबर्गपासून गाडीने दोन दिवसांच्या वाटेवर. ती आठवडे-आठवडे तिथे जाऊन राही, मजूर लावी, गोठे बांधून घेई. ल्यूथर पत्रावर पत्ता घालत: 'झ्युल्सडॉर्फच्या मालकीणबाईंना'. लाडाने म्हणत असतील, पण मालकीण हा शब्द त्यांनी वापरला. कायदा तो वापरणार नव्हता.

आजारपणं आणि मुलं

१५२७ मध्ये विटेनबर्गला प्लेग आला. विद्यापीठ गाव सोडून गेलं. आपल्याकडेही प्लेगाच्या साथीत लोक गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहिले, घराघरांतल्या म्हाताऱ्या अजून ते सांगतात. काथारीना आणि ल्यूथर हलले नाहीत. घरातच आजारी माणसं घेतली. तिला तेव्हा दिवस गेलेले होते. डिसेंबरात एलिझाबेथ जन्मली आणि वर्षाच्या आत गेली.

सहा मुलं झाली. १५४० मध्ये गर्भपात होऊन ती स्वतः मरता मरता वाचली. पण १५४२ च्या सप्टेंबरात गेली ती माग्दालेना, तेरा वर्षांची, बापाच्या हातांत. त्यावर मी काही लिहीत नाही. ज्यांच्या घरात असं झालं आहे त्यांना लिहून सांगायची गरज नाही.

मृत्युपत्र

आता मावशींच्या प्रश्नाकडे येते.

सॅक्सनी प्रांतात जो जुना कायदा चालत होता, त्यात बाईला स्वतःच्या नावाने कोर्टात उभं राहता येत नसे. लग्नाआधी बाप, लग्नानंतर नवरा, आणि नवरा गेला की कुणीतरी नेमलेला पुरुष, असा पालक तिला लागेच. स्वतःच्या मुलांची पालकही ती होऊ शकत नसे. नवऱ्याच्या मिळकतीतून विधवेच्या वाट्याला थोडंसंच येई. ल्यूथर चिडून म्हणत, हा कायदा विधवेला एक खुर्ची आणि एक सूतकताईची काठी देतो, बाकी काही नाही.

म्हणून ६ जानेवारी १५४२ रोजी त्यांनी स्वतःच्या हाताने मृत्युपत्र लिहिलं. झ्युल्सडॉर्फची शेती, गावातलं एक छोटं घर, आणि हजारेक गुल्डेन किमतीचे पेले आणि दागिने काथारीनाला. मुलांच्या पालकत्वासाठीही दुसरा कुणी पुरुष नको, आईवर माझा भरवसा आहे, असं म्हटलं. कारणं लिहिली आहेत. ती विश्वासू बायको राहिली, हे एक. सुमारे ४५० गुल्डेनचं कर्ज तिलाच फेडायचं आहे, हे दुसरं. आणि सर्वांत महत्त्वाचं कारण असं: तिने मुलांच्या हाताकडे बघायची वेळ येऊ नये, मुलांनी तिच्या हाताकडे बघावं.

मंडळात हे वाचून दाखवलं तेव्हा कुणीतरी "व्हय की" म्हटलं आणि मग बराच वेळ कुणी बोललं नाही.

तीन मोठ्या माणसांनी साक्षी म्हणून सह्या केल्या, त्यांत मेलांख्टनही होते. पण ल्यूथरांचा वकिलांवर राग होता. कायद्याला हवी तशी रीत त्यांनी पाळली नाही. मला स्वर्गात, पृथ्वीवर आणि नरकातही ओळखतात, तेव्हा नोटरीपेक्षा माझ्या शब्दाला किंमत असावी, अशा अर्थाचं त्यात लिहून ठेवलं.

१८ फेब्रुवारी १५४६ ला ते आइसलेबेनला वारले. ती जवळ नव्हती. एप्रिलच्या सुरुवातीला तिने आपल्या भावजयीला पत्र लिहिलं: अन्न जात नाही, पाणी जात नाही, झोप नाही, मनात काय चाललंय ते सांगता येत नाही, एखादं राज्य माझं असतं आणि गेलं असतं तरी एवढं दुःख झालं नसतं. तिची फार थोडी पत्रं उरली आहेत. त्यातलं स्वतःच्या मनाचं असं हेच. बाकीची बहुतेक पैशांसाठी, जमिनीसाठी.

कारण ताबडतोब कागदांची लढाई सुरू झाली. राजाचा चान्सलर ब्रुक याचं मत असं की मुलगे आईपासून वेगळे ठेवावेत, एवढं मोठं घर मोडावं, आणि बाईने नवीन शेती घेण्याचा नाद सोडावा. मृत्युपत्र कायद्याच्या कसोटीला उतरत नव्हतंच. राजाने ल्यूथरांचा मान राखून ते मान्य केलं, पण पालक नेमले गेले. ज्या बाईने वीस वर्षं चाळीस माणसांचं घर चालवलं, तिला आता खर्चाला परवानगी लागणार होती. ती हटली नाही. मुलं जवळ ठेवली, घर सोडलं नाही, शेतीही घेतली.

घर सोडावं लागलं नाही याला कारण आहे. १५३२ मध्येच राजाने काळ्या मठाचा कागद करून दिला होता, ल्यूथर, त्यांची बायको आणि वारस यांच्या नावाने. म्हणजे मावशी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: एका कागदावर तिचं नाव होतं, आणि तेवढ्यावर ती तगली.

आमच्या आईचं तसं नव्हतं. माझे वडील खेड्यातल्या मंडळीचे पाळक. आम्ही मंडळीच्या घरात राहायचो, मागे पेरूची झाडं, पुढे देऊळ म्हणावं एवढं लहान प्रार्थनामंदिर. आईने रविवारची शाळा चालवली, बाळंतपणं काढली, आलेल्या प्रत्येकाला चहा आणि भाकरी दिली, पगार एका माणसाचा. वडील अचानक गेले तेव्हा मी बारावीत होते. नवीन पाळक येणार, तेव्हा तीन महिन्यांत घर मोकळं करा, असं आईला सांगण्यात आलं. सांगणाऱ्यांनी नियमाबाहेर काही केलं नाही. घर मंडळीचंच होतं. आजोबांची थोडी भातजमीन वडिलांच्या नावावर होती. तिथे आईचं नाव लागायला सात वर्षं गेली. पहाणी, म्हणजे जमिनीचा उतारा, कन्नडमध्ये; आईला कन्नड बोलता यायचं पण वाचता यायचं नाही. प्रत्येक खेपेला एक कागद कमी निघायचा. एका कचेरीच्या बाकावर ती डब्यातली चटणी-भाकरी खाऊन दिवसभर बसलेली मला आठवते.

म्हणून कायद्याचं थोडं सरळ सांगते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, कुठलंही ख्रिस्ती कुटुंब असो, वारसाला १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. नवरा मृत्युपत्र न करता गेला आणि मुलं असतील, तर विधवेला एक तृतीयांश. उरलेले दोन तृतीयांश मुलांत सारखे, मुलगा-मुलगी भेद नाही. मूल-नातवंड कुणीच नसेल पण इतर नातेवाईक असतील तर तिला निम्मं. हिंदू शेजाऱ्यांना १९५६ चा कायदा लागतो. त्यात विधवा, मुलगे, मुली आणि मृताची आई यांचे वाटे सारखे.

मृत्युपत्र करून नवरा सगळं बायकोला देऊ शकतो. ते साध्या कागदावर चालतं, नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. दोन साक्षीदार मात्र हवेतच, आणि त्यांनी सही होताना पाहिलेली हवी किंवा करणाऱ्याने सही आपली आहे असं त्यांना सांगितलेलं हवं. ज्याला काही मिळणार आहे त्याने, किंवा त्याच्या नवऱ्याने-बायकोने, साक्षीदार म्हणून सही करू नये. ख्रिस्ती माणसाच्या मृत्युपत्रात तशी सही झाली तर मृत्युपत्र राहतं पण त्या साक्षीदाराचा वाटा जातो. भावाला साक्षीला बसवून भावालाच शेत देणारे लोक मी पाहिले आहेत. आणि ख्रिस्ती माणसाने लग्नाआधी केलेलं मृत्युपत्र लग्न झाल्यावर रद्द होतं, नवीन करावं लागतं.

एवढं करूनही पहाणीवर नाव आपोआप चढत नाही. मृत्यूचा दाखला आणि वंशावळ लावून वारसा नोंदीचा अर्ज द्यावा लागतो, आणि तो दुःखाच्या दिवसांतच द्यावा लागतो. काथारीनाने भावजयीला ते पत्र लिहिलं त्याच दिवसांत तिचे अर्जही चालले होते.

शेवटची सहा वर्षं

त्याच वर्षी युद्ध पेटलं. सम्राट पाचवा चार्ल्स आणि प्रोटेस्टंट राजे यांच्यातलं. काथारीना मुलांना घेऊन माग्देबुर्गला पळाली, परतली. एप्रिल १५४७ मध्ये तिचा राजा लढाईत हरून कैद झाला, तशी पुन्हा पळाली, यावेळी ब्राउनश्वाइगपर्यंत. डेन्मार्कला जायचा विचार होता, पण वाटेत सैन्य होतं. परत आली तेव्हा काळा मठ उभा होता. शेतं जळाली होती, जनावरं नेली होती, आणि युद्धाचे कर मात्र भरायचेच होते. तिने कर्ज काढलं, चांदी गहाण टाकली, पुन्हा विद्यार्थी ठेवले. डेन्मार्कचा राजा तिसरा ख्रिस्टियान ल्यूथरांना वर्षासन पाठवत असे. ते चालू राहावं म्हणून तिने पत्रं लिहिली, पुन्हा लिहिली. ज्यांच्या घरात तिने एके काळी पानं वाढली होती, त्यांतले फारसे कुणी आता तिच्यासाठी बोलत नव्हते.

१५५२ मध्ये गावात पुन्हा साथ आली. १५२७ ला ती हलली नव्हती. आता पोरांसाठी निघाली. पाउल आणि मार्गारेटे बरोबर होते. टॉर्गाऊच्या वाटेवर घोडे उधळले. गाडी थांबवायला तिने खाली उडी घेतली, पडली, थंड पाण्याच्या चरात गेली. तीन महिने अंथरुणावर काढून २० डिसेंबर १५५२ रोजी टॉर्गाऊत वारली. ५३ वर्षांची होती. ज्या कोप्पेने तिला मठातून गाडीत घालून आणलं, त्याचंच हे गाव.

ल्यूथर विटेनबर्गच्या चर्चमध्ये पुरलेले आहेत, ती तिथून पन्नासेक किलोमीटरवर टॉर्गाऊच्या सेंट मेरी चर्चमध्ये. बेळगाव ते संकेश्वर असेल तेवढं अंतर. तिथे भिंतीत तिची दगडी मूर्ती आहे. अंगावर जाड झगा, डोक्याला रुमाल, दोन्ही हातांत एक पुस्तक धरलेलं. कडेने अक्षरं कोरली आहेत: डॉक्टर मार्टिन ल्यूथर यांची मागे राहिलेली विधवा, काथारीना.

मंडळात मी त्या मूर्तीचा फोटो फिरवला. मावशींनी तो बराच वेळ हातात धरला, चष्मा वर करून बघितला, आणि पुढच्या बाईकडे देताना म्हणाल्या, "येत्या रविवारी आमचा उतारा घेऊन येते. वाचून सांगशील?"